घसारा

बाबांच्या टॅक्सीचा हिशेब एका लांबट, लाल कापडी बांधणीच्या वहीत असायचा. पान उभं तीन भागांत आखलेलं: घर, गॅस, गाडी. 'गाडी'च्या रकान्यात रोज एक छोटा आकडा वेगळा लिहिलेला असे आणि त्यापुढे एकच अक्षर, 'टा'. लहानपणी मला वाटायचं 'टा' म्हणजे टाटा, म्हणजे पैशांना टाटा. खरा अर्थ टायर. कमाई कितीही होवो, रोज रात्री तेवढे पैसे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायचे. आईला त्या डब्याला हात लावायची परवानगी नव्हती. तिने तो लावला नाही असं नाही, पण वहीत तशी नोंद आहे: 'टा मधून उसने, गणपती.'

पुढे कॉमर्सला गेल्यावर 'घसारा' हा शब्द भेटला. यंत्र वापरून झिजतं, त्याची किंमत दरवर्षी कमी होते, ती झीज हिशेबात धरायची. सर फळ्यावर टक्के मांडत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर टायर होता. शब्दातच घासणं आहे. बाबा सातवी शिकलेले. घसारा हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही, पण वीस वर्षं रोज रात्री तो डब्यात टाकला.

मागच्या महिन्यात माझ्या गाडीला पंधरा वर्षं झाली आणि गॅरेजवाल्याने एक कागद हातात ठेवला. चार टायर सोळा हजार, सस्पेन्शन चौदा, क्लच नऊ. वर नोंदणीच्या नूतनीकरणाची फी पाच हजार. (ही फी एप्रिल २०२२ आधी सहाशे रुपये होती.) एकूण चव्वेचाळीस हजार. गाडी विकली तर नव्वद हजार येतील. तुमच्या घरात जुनी गाडी असेल तर हा कागद तुम्ही पाहिला असेल, किंवा लवकरच पाहाल. प्रश्न एकच असतो: मरायला टेकलेल्या गाडीवर पैसे घालायचे का?

मी बाबांकडे गेलो आणि ती वही मागून घेतली.

तुरीन ते भांडुप

बाबांची गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९५ ची नोंदणी, काळी-पिवळी. तिची कहाणी बाबांच्या खूप आधी सुरू होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जात, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासून फियाट ११०० आली आणि तिचीच पुढची आवृत्ती १९७४ मध्ये 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, पुढे सलग बाक. मुंबईत मात्र नाव काहीही असो, लोक तिला फियाटच म्हणत राहिले.

फियाट म्हणजे तुरीन शहराची कंपनी. नावातला शेवटचा 'ट' तुरीनचाच, इटालियनमध्ये तोरिनो. आता गंमत बघा. आम्ही भांडुपला राहायचो. तिथे सिएटचा टायर कारखाना, १९५८ पासूनचा. सिएटसुद्धा मूळची तुरीनची कंपनी, १९२४ ची, आणि तिच्याही नावातला 'ट' तोरिनोचा. म्हणजे इटलीतल्या एकाच गावातून निघालेली गाडी आणि टायर मध्य रेल्वेवर पाच स्टेशनांच्या अंतराने, एकाच आग्रा रोडवर येऊन बसले होते. आजही भांडुपात एका रस्त्याला सिएट टायर रोड म्हणतात. बाबांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग स्वस्त का नाही द्यायचे?"

टायर कधीच स्वस्त नव्हता. वहीतल्या हिशेबाने एका नव्या टायरला साधारण आठवडाभराची हातात उरणारी कमाई लागे. पद्मिनीला ५.२०-१४ मापाचा टायर, तोही नायलॉन, म्हणजे ज्यात धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले असतात. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेला रेडियल टायर त्याहून बराच जास्त टिकतो. पण आपल्या रस्त्यांवरच्या टॅक्सींपर्यंत तो यायला काही दशकं लागली. बाबांची गाडी दिवसाला शंभर किलोमीटर चालायची आणि नायलॉनचा जोड वर्षभरात गोटा व्हायचा. गोटा म्हणजे नक्षी पूर्ण गेलेला, नदीतल्या दगडासारखा गुळगुळीत.

रबर कुठून येतं

टायरच्या किमतीमागे फार मोठा आणि फार वाईट इतिहास आहे. कच्चं रबर उन्हात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला १८३९ मध्ये सापडलं की गंधकाबरोबर तापवलं की ते दोन्ही करत नाही. त्याला त्यातून फारसं काही मिळालं नाही. १८६० मध्ये तो कर्जात मेला. आज त्याच्या नावाची जी कंपनी आहे, ती त्याच्या मृत्यूनंतर अडतीस वर्षांनी दुसऱ्याच लोकांनी काढली. हवा भरलेला टायर रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये शोधला आणि लोक विसरून गेले. मग १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला. डनलॉप पेशाने जनावरांचा डॉक्टर.

सायकली वाढल्या, मोटारी आल्या, रबराची भूक वाढली. काँगोत बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या राजवटीत गावांना रबराचा कोटा ठरवून दिला जाई. तो भरला नाही की माणसं मारली जात, हात तोडले जात. त्या काळात तिथे लाखो माणसं मेली. कुठल्याच वहीत हा खर्च लिहिलेला नाही.

तिकडे हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या. त्यातल्या थोड्याच उगवल्या, पण त्या रोपांच्या वंशजांनी मलाया आणि सिलोन व्यापलं. आपल्याकडे केरळात रबराचे मळे उभे राहिले. टायर बनवण्याचा पहिला मोठा कारखाना १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला डनलॉपने काढला.

टायर किती मोलाचा, हे जगाला कळलं १९४२ मध्ये. जपानने मलाया आणि सिंगापूर घेतलं आणि अमेरिकेला जिथून नव्वद टक्क्यांहून जास्त रबर मिळायचं, तो रस्ताच बंद झाला. युद्धकाळात अमेरिकेत रेशनिंग सुरू झालं, त्यात सर्वांत पहिली वस्तू साखर नव्हती, पेट्रोलही नव्हतं. टायर होता. एका गाडीला पाच टायर ठेवायचे, जास्तीचे सरकारजमा. ताशी ३५ मैलांची वेगमर्यादा आली. पुढे देशभर पेट्रोलचंही रेशनिंग झालं, पण त्याचं मुख्य कारण पेट्रोलची टंचाई नव्हतं. लोकांनी गाडी कमी चालवावी आणि टायर वाचावेत म्हणून ते केलं गेलं.

पाच टायर. चार चाकं आणि एक स्टेपनी. हा शब्दही बघा. १९०४ मध्ये वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस नावाच्या दोन भावांनी जादा चाक विकायला सुरुवात केली, कारण तेव्हा गाड्या जादा चाकाशिवायच येत. त्यांचं दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होतं. इंग्रजांच्या देशात तो शब्द जवळपास पुसला गेला. आपल्याकडे मात्र प्रत्येक पंक्चरवाल्याच्या तोंडी जिवंत आहे.

एक पान फाटलेलं

वहीत २००३ च्या पावसाळ्यातलं एक पान अर्धं फाटलेलं आहे. त्या वर्षी 'टा'च्या डब्यात पैसे नव्हते. गाडीला गॅस किट बसवलं होतं, शिवाय माझ्या बहिणीचं कॉलेज सुरू झालं होतं. बाबांनी एका दुकानातून दोन रिमोल्ड टायर घेतले. रिमोल्ड म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेलं. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. यात मुळात काही चूक नाही; सांगाडा चांगला असेल आणि काम नीट झालं असेल तर रिमोल्ड चांगला चालतो. ट्रक आणि बस वर्षानुवर्षं त्यावर चालतात. पण यांचा सांगाडा चांगला नव्हता आणि बाबांनी ते दोन्ही पुढे लावले.

वाशी पुलाच्या अलीकडे, पावसात, उजव्या टायरचं चढवलेलं रबर पट्टीसारखं सुटून आलं. टायर फुटला, स्टिअरिंग खेचलं गेलं आणि गाडी दुभाजकाला घासत थांबली. मागे एक बाई आणि तिचं बाळ होतं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बाबांनी स्टेपनी लावली, त्यांना पनवेलला पोचवलं, भाडं घेतलं नाही, आणि घरी येऊन दोन दिवस गाडी काढली नाही. पान त्यांनीच फाडलं होतं. उरलेल्या अर्ध्यावर एक ओळ आहे: 'पुढे कधी रिमोल्ड नाही.'

जुने ड्रायव्हर चांगले टायर पुढे लावायचे, पुढचा फुटला तर गाडी हातातून जाते म्हणून. आता टायर कंपन्या उलट सांगतात: दोनच नवे घेतले तर मागे लावा, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर सामान्य चालकाला गाडी सावरता येत नाही. बाबांना हे पटत नाही. त्यांचा पुरावा वाशी पुलावर आहे.

शेवटचे दहा महिने

मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आली आणि बाबांच्या गाडीची तारीख ठरली: २०१५. त्याआधी दहा महिने पुढचे दोन्ही टायर गोटा झाले. बाबा तेव्हा वयामुळे निम्मीच गाडी चालवत. महिन्याचे पंचवीस दिवस, दिवसाला पंचावन्न किलोमीटर धरले तर दहा महिन्यांत पावणेचौदा हजार. नवा टायर सत्तावीस हजार चालतो. म्हणजे नवे घेतले तर निम्मे पैसे भंगारात.

आई म्हणाली, "जिला मोडीत घालायचंय तिला नवे बूट कशाला?"

मीही आईच्याच बाजूने होतो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि घसारा शिकलेलो होतो. वापरलेले घ्या, म्हणालो, दहा महिन्यांचा तर प्रश्न आहे.

बाबा म्हणाले, "अरे, गाडी मोडीत जाणार आहे. पॅसेंजर नाही."

त्यांनी दोन नवे टायर आणले. ते माप दुकानात सहज मिळेनासं झालं होतं, तीन दुकानं फिरावं लागलं. गाडी मोडीत देण्याच्या आदल्या रात्री त्यांनी जॅक लावून ते दोन्ही उतरवले, जुने गोटे चढवले, आणि नव्यातले अजून निम्मे शिल्लक असलेले ते टायर आपल्या स्टँडवरच्या एका मित्राला दिले. त्याच्या पद्मिनीची अजून दोन वर्षं बाकी होती. पैसे घेतले की नाही, ते वहीत नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी मोबाइलवर सगळे तिचे फोटो टाकत होते. बाबांनी एकही उघडला नाही.

माझे टायर

आता माझ्या कागदाकडे येऊ. माझ्या टायरची नक्षी अजून छान आहे. कायद्याने ती किमान १.६ मिलीमीटर हवी. माझी त्याहून पुष्कळ जास्त. घरून काम, गाडी आठवड्यातून एकदा बाहेर. मग बदलायचे का?

बाबा दुकानात माझ्याबरोबर आले. खाली बसून त्यांनी टायरच्या बाजूला नख रोवलं. बारीक भेगा होत्या. मी टायरवरचे चार आकडे वाचले: १४१७. म्हणजे २०१७ सालचा चौदावा आठवडा. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. हवा आणि ऊन त्याला आतून कडक करत जातात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहाच्या पुढे वापरू नका, असं अनेक कंपन्या सांगतात. बाबांचे टायर किलोमीटरने मरायचे, माझे तारखेने मेले.

मग बाबांनी डिकी उघडायला लावली. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, २०१० ची. एकदाही रस्त्याला न लागता संपलेली. २०२० पासून टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असलेल्या ट्यूबलेस गाड्यांना स्टेपनीची सक्ती नाही. माझ्या गाडीत यातलं काहीच नाही.

"पाच घे," बाबा म्हणाले.

पाच म्हणजे वीस हजार, आणि एकूण अठ्ठेचाळीस. गाडी अजून तीन वर्षं वापरली तर महिन्याला तेराशे तेहतीस. नव्या गाडीचा हप्ता बारा-तेरा हजार. नव्वद हजाराच्या गाडीवर अठ्ठेचाळीस घालणं वेडेपणा वाटतो, कारण आपण गाडीच्या किमतीशी तुलना करतो. तुलना पुढच्या महिन्याशी करायची असते. आणि टायर, ब्रेक, स्टिअरिंग यांच्या बाबतीत तर गाडी किती जगणार हा प्रश्नच नसतो. पत्रा काम, रंग, सीट कव्हर थांबू शकतात; माझ्या यादीतून मी ते थांबवले आहेत.

परत येताना बाबांनी मोबाइलवर भागाकार केला. अठ्ठेचाळीस हजार, तीन वर्षं, रोजचे किती?

"चव्वेचाळीस रुपये," ते म्हणाले. "डबा आहे का घरी?"