नाव घातलेला हंडा

बीड जिल्ह्यातल्या केज परिसरात जुन्या घरांत अजूनही एखादा तांब्याचा हंडा सापडतो. काठाखाली बोट फिरवलं की छन्नीने ठोकलेले ठिपके हाताला लागतात. नाव, गाव, कुणी दिला आणि कुणाच्या लग्नात, एवढं सगळं त्यात मावलेलं असतं. नाव घालणारा अक्षरांवर पैसे घ्यायचा. पुढे स्टील आलं, छन्नीच्या जागी विजेचं यंत्र आलं, रिवाज मात्र तोच राहिला.

भांडं कुणाचं हे राखायला कुलूप पुरलं नसतं, कारण भांडी घरात बसून राहत नसत. लग्नकार्याला गल्लीभरच्या पराती-घागरी एकाच मांडवात जमायच्या. अडीनडीला हंडा गहाण पडायचा. ज्यांच्या हाती रोकड टिकत नसे, त्यांची शिल्लक तांब्या-पितळेतच असायची. आहेरात आलेला हंडा सुनेचाच, हे सांगायला कागद नसे. त्यावरचं नावच पुरावा.

कपड्यांची खूण परीट करी. बिब्ब्याला सुई टोचायची, टोकाला आलेला चीक कापडाच्या कोपऱ्यावर लावायचा, वर चुना. काळी खूण अशी बसे की भट्टीतही जात नसे. एका घरचे दोन ठिपके, दुसऱ्याची आडवी रेघ. अक्षरओळख नसली तरी अडत नसे. चीक अंगाला लागला तर उततो, म्हणून हे काम सवयीच्या हातांचं.

दसऱ्यानंतर तालुक्यातली माणसं ऊसतोडीला जातात. पेटीत मावेल तेवढं सोबत, बाकी घरदार म्हाताऱ्यांच्या हवाली. इतरांचं राखण्यात ज्यांचं म्हातारपण गेलं, त्यांच्यातल्या कुणावर वृद्धाश्रमात जायची वेळ आली, तर त्याच्या चार वस्तू राखणं हे आपल्या सगळ्यांचं देणं आहे.

राज्याने 1963 पासून वृद्धाश्रमांना अनुदान दिलं, 1995 मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या केंद्रीय कायद्याने सांभाळाच्या अटीवर लिहून दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मागण्याची वाट करून दिली. पण सामायिक धुण्यात गेलेल्या लुगड्यासाठी किंवा हरवलेल्या कवळीसाठी कुणी त्या कायद्याखालच्या न्यायाधिकरणाची पायरी चढत नाही. तिथे परटाचीच पद्धत हवी: आल्या दिवशी वस्तूंची नोंद, लुगड्याच्या काठावर दोऱ्याने नाव, चष्म्याच्या दांडीवर कोरलेली अक्षरं आणि कपाटाची किल्ली त्या माणसाच्याच हाती.