डेटा वाचला, पासवर्ड गेले

मागच्या शनिवारी रात्री आमच्याकडे डीआर ड्रिल होती. डीआर म्हणजे डिझास्टर रिकव्हरी. मुख्य डेटा सेंटर गेलं असं समजायचं आणि दुसऱ्या शहरातल्या सेंटरवरून सगळा कारभार चालवून दाखवायचा. थोडक्यात लुटुपुटीचा प्रलय. डेटा व्यवस्थित पोचला होता, स्टोरेजचे सगळे दिवे हिरवेगार. अडलो कुठे, तर एका अकाउंटच्या पासवर्डपाशी. तो ज्याला माहीत तो चुलत भावाच्या लग्नाला गावी, फोन लागेना. मग काय, बसलो चहा पीत. तेव्हा कँटर फिट्झगेराल्डची गोष्ट आठवली. मंडळी, आज तीच सांगतो, पण थोडं मागून.

पूर्वी कंपन्यांचा बॅकअप म्हणजे टेप. रात्री कॉपी करायची, सकाळी गाडीतून दुसरीकडे पाठवायची. इमारतच गेली तर किमान एक दिवसाचं काम गेलं. 1988मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा तो प्रसिद्ध पेपर छापला (आपण सगळ्यांनी कॉलेजात घोकलेला). स्वस्त डिस्क एकत्र बांधा, एखादी मेली तरी डेटा जिवंत. छानच, पण त्या सगळ्या डिस्क एकाच कपाटात! कपाटाला आग लागली की रेड काय करणार?

1994मध्ये ईएमसी कंपनीने एसआरडीएफ आणलं. एक स्टोरेजचं कपाट दूरच्या दुसऱ्या कपाटाला स्वतःच प्रत पाठवतं, सर्व्हरला पत्ताही नसतो. याचे दोन प्रकार. सिंक्रोनसमध्ये पलीकडून "लिहिलं" असा निरोप आल्याशिवाय इकडच्या सर्व्हरला "झालं" म्हणायचं नाही. काही हरवतच नाही. पण काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. दुसरं सेंटर 100 किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन 200, म्हणजे 1 मिलिसेकंद नुसत्या प्रवासात. तेही प्रत्येक राइटला. हजार किलोमीटरवर हेच 10 मिलिसेकंद, आणि शेअर बाजाराच्या मशीनसाठी ते एक युगच. म्हणून लांबच्या प्रतीला असिंक्रोनस: आधी "झालं" म्हणायचं, मग सवडीने पाठवायचं. जवळ ठेवलं तर एकाच पुरात दोन्ही प्रती जातात, लांब ठेवलं तर शेवटचे काही क्षण हरवतात. प्रकाशाचा वेग वाढवून देणारा व्हेंडर अजून मला भेटलेला नाही. :)

आता कँटर. अमेरिकी सरकारी रोख्यांचा व्यवहार करणारी मोठी कंपनी, ऑफिस न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर टॉवरमध्ये, 101 ते 105 या मजल्यांवर. या इमारतीला संकट नवं नव्हतं. 26 फेब्रुवारी 1993ला तळघरातल्या पार्किंगमध्ये बॉम्ब फुटून 6 जण गेले होते. डेटा शाबूत असूनही ऑफिसात पाय ठेवता येत नाही, ही परिस्थिती तिथल्या कंपन्यांनी तेव्हा अनुभवली होती. 2001पर्यंत कँटरच्या ई-स्पीड या इलेक्ट्रॉनिक ट्रेडिंग यंत्रणेची जुळी प्रत न्यू जर्सीतल्या रोशेल पार्कमध्ये चालू होती.

11 सप्टेंबर 2001, सकाळी 8:46. विमान कँटरच्या मजल्यांच्या खाली घुसलं आणि वरच्या लोकांना उतरायला वाटच राहिली नाही. कँटरचे 658 लोक गेले. त्या वेळी ऑफिसात असलेला एकही माणूस वाचला नाही. प्रमुख हॉवर्ड लटनिक मुलाला बालवाडीच्या पहिल्या दिवशी सोडायला गेले होते म्हणून वाचले, पण त्यांचा भाऊ गॅरी गेला. (हेच लटनिक 2025मध्ये अमेरिकेचे वाणिज्यमंत्री झाले.) रोख्यांचा बाजार 13 तारखेला सकाळी उघडणार होता. हातात जेमतेम 47 तास.

रोशेल पार्कची मशीन्स चालू होती, डेटा होता. पण अनेक फायली आणि सिस्टिम्सचे पासवर्ड ज्यांच्या डोक्यात होते, ती माणसंच नव्हती. मायक्रोसॉफ्टचे तज्ज्ञ मदतीला आले. सरसकट सगळी अक्षरं जुळवून बघायला वेळ पुरणार नव्हता, म्हणून अंदाज करायला त्यांना माहिती हवी होती. मग लटनिकनी गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरी फोन केले. लग्नाचा वाढदिवस कधी, कुत्र्याचं नाव काय, मुलांच्या जन्मतारखा कोणत्या. टॉवर पडून एक दिवसही झाला नव्हता. हे त्यांनी स्वतः पुढे 2014मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकाराला सांगितलं. त्या बायकांना हे प्रश्न ऐकताना काय वाटलं असेल, याचा मी विचार करून बघितला आणि सोडून दिला.

13 तारखेला बाजार उघडला तेव्हा कँटर हजर होती.

पुढे अमेरिकी नियामकांनी 2002च्या मसुद्यात विचारलं, की दुसरं सेंटर 200 ते 300 मैलांवर हवं असा नियम करावा का? बँकांनी तेच उत्तर दिलं, एवढ्या लांब सिंक्रोनस जमत नाही. एप्रिल 2003च्या अंतिम मसुद्यात मैलांचा आकडा नव्हता.

आपल्याकडचाही एक किस्सा आहे. 24 फेब्रुवारी 2021ला मुंबईत एनएसईचं ट्रेडिंग सकाळी 11:40ला थांबलं ते थेट पावणेचारला पुन्हा सुरू झालं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या टेलिकॉम लिंक एकाच वेळी तुटल्या. खुलाशात कारण काय, तर रस्त्यावरचं खोदकामही! खरं तर लिंक गेली की मुख्य स्टोरेजने एकट्याने काम चालू ठेवायचं असतं. पण इथे स्टोरेज नेटवर्कच गडबडलं, जोखीम मोजणारी यंत्रणा बंद पडली आणि बाजार थांबवावा लागला. म्हणजे सुरक्षेसाठी ठेवलेली प्रतच मूळ घेऊन बुडाली. चेन्नईला डीआर सेंटर होतं, पण तिकडे कारभार हलवला गेला नाही. महिन्याभरात सेबीने नियम केला: अर्ध्या तासात "डिझास्टर" जाहीर करा, पुढच्या 45 मिनिटांत डीआरवर जा. मला वाटतं यातला पहिला भाग जास्त अवघड. "डिझास्टर" हा शब्द पहिल्यांदा उच्चारायला कुठल्याही मॅनेजरची जीभ रेटत नाही.

असो. आमच्या मित्राचा फोन पहाटे तीनला लागला. मागे बँड वाजत होता. पासवर्ड म्हणजे मुलीचं नाव आणि पुढे तिचं जन्मवर्ष. ड्रिल पाचला संपली, सोमवारी पासवर्ड बदलला आणि पाकिटात घालून तिजोरीत ठेवला. आता तिजोरीची किल्ली कोणाकडे असावी यावर मेल चालू आहेत.