रडारसमोरची दुसरी खुर्ची

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाला एक कोडे पडले. समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांतल्या रडारचालकांना पडद्यावर उमटलेला जर्मन पाणबुडीचा ठिपका पुष्कळदा दिसतच नसे. माणसे तर प्रशिक्षित होती. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी यासाठी आकडे नसलेले एक घड्याळ बनवले. त्याचा काटा दर सेकंदाला एक पाऊल सरके आणि अधूनमधून एकदम दोन पावले उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढेच काम, पण सलग दोन तास! अर्ध्या तासातच उड्या नजरेतून निसटू लागल्या. अर्धा तास काम, अर्धा तास विश्रांती असा क्रम लावला तेव्हा मात्र ही घसरण थांबली. १९४८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. (परीक्षेत तीन तास पर्यवेक्षण करणाऱ्या आपणा शिक्षकांना याचा वेगळा पुरावा नकोच.)

हवाई वाहतूक नियंत्रकाचे कामही रडारच्या पडद्यासमोरचेच. तिथे किती माणसे बसवायची, हे मात्र व्यवस्थापन ठरवते.

१ जुलै २००२ च्या रात्री स्वित्झर्लंडमधील झुरिचच्या नियंत्रण केंद्रात पाळीवर दोघे नियंत्रक होते. रहदारी ओसरल्यावर एक जण विश्रांतीला गेला. नियमात हे बसत नव्हते, पण वर्षानुवर्षांची ही वहिवाट व्यवस्थापनाला ठाऊक होती. उरलेला नियंत्रक एकटाच दोन पडदे सांभाळत होता. त्यातच दुरुस्तीच्या कामामुळे धोक्याची दृश्य सूचना आणि मुख्य दूरध्वनी बंद होते. उशिरा आलेले एक विमान जर्मनीतील फ्रीड्रिक्सहाफेनला उतरवण्यासाठी तो दूरध्वनीशी झटत राहिला. दुसऱ्या पडद्यावर दोन विमाने ३६,००० फुटांवर एकमेकांच्या वाटेत येत होती. त्याच्या ध्यानात आले तेव्हा पाऊण मिनिटही उरले नव्हते. त्याने रशियन विमानाला खाली उतरायला सांगितले. विमानातले स्वयंचलित यंत्र वैमानिकांना वर चढायला सांगत होते, आणि दुसऱ्या, मालवाहू विमानातले यंत्र खाली उतरायला. रशियन वैमानिकांनी नियंत्रकाचे ऐकले, मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी यंत्राचे. दोन्ही विमाने खाली आली आणि जर्मनीतील युबरलिंगेन गावावर आदळली. ७१ माणसे गेली. त्यांत बरीचशी सुट्टीवर निघालेली शाळकरी मुले होती.

दोष त्या एकट्या नियंत्रकाचा म्हणायचा का? जर्मन चौकशी अहवालाने रात्रपाळीतली ही वहिवाट खपवून घेणाऱ्या व्यवस्थापनावरही बोट ठेवले. २००७ साली स्विस न्यायालयाने संस्थेच्या चौघांना दोषी ठरवले.

तरीही मार्च २०११ मध्ये वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाच्या मनोऱ्यात मध्यरात्री एकच नियंत्रक होता. सलग चौथी रात्रपाळी. त्याला झोप लागली आणि दोन प्रवासी विमाने मनोऱ्याच्या मदतीवाचून उतरली. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. त्यानंतर तिथे रात्री दुसरा नियंत्रक नेमला गेला आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील नियंत्रकांना दोन पाळ्यांमध्ये किमान आठऐवजी नऊ तास विश्रांती मिळू लागली.