भाजल्यावरची पहिली 20 मिनिटे : घरी करून पाहायचे प्रात्यक्षिक

भाजल्यावर काय करायचे असे विचारले की सगळेच सांगतात, "थंड पाणी टाका." पण खरोखर कोणाचा हात पोळला की घरातला जो तो वेगळीच डबी घेऊन धावतो. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप! म्हणून आम्ही शिक्षक मंडळी ही गोष्ट फळ्यावर लिहून देत नाही, करून घेतो.

सामान घरचेच : बादली, वजूचा लोटा, धुतलेला सुती कपडा, जाड गोधडी, घड्याळ. मुलाच्या हातावर लाल रंगाचा डाग काढा. ती भाजलेली जागा. अंगठी-बांगड्या आधी काढायच्या, सूज चढली की त्या निघत नाहीत. मग दुसऱ्याने बारीक धार धरायची, पूर्ण 20 मिनिटे. पाचव्या मिनिटालाच मुले विचारतात, "टीचर, झालं का?" घरातही हात इथेच थांबतो. मिनिटाला लिटरभर धरले तरी 20 लिटर पाणी लागते, हे बादली रिकामी झाल्यावरच कळते. लगेच जमले नाही तर भाजल्यापासून तीन तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो.

गोंदियाच्या मे महिन्यात छतावरच्या टाकीचे पाणी दुपारी स्वतःच चटका देते. ते आधी हाताला लावून बघायचे आणि माठातले, विहिरीचे किंवा हातपंपाचे घ्यायचे. बर्फ मात्र नको, त्याने कातडीचे आणखी नुकसान होते. लहान बाळाची भाजलेली जागाच भिजवा, बाकी अंग झाकून ठेवा, नाहीतर बाळ गारठते. फोड फोडू नका. शेवटी कपडा सैल झाकायचा, घट्ट बांधायचा नाही.

कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी मुळीच नाही. गॅस बंद आणि वर झाकण. इफ्तारच्या भज्यांच्या घाईत हे लक्षात असू द्या. अंगावरचा कपडा पेटला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. दुसऱ्याने गोधडी टाकून आग विझवायची. पॉलिस्टरची ओढणी किंवा बुरखा वितळून चिकटतो. चिकटलेला भाग ओढू नका, भोवतीचा कपडा कात्रीने कापा.

आता आमच्या घरांतली खरी अडचण. बाईमाणूस भाजले की लाजेपायी कपडे काढले जात नाहीत आणि वेळ जातो. म्हणून प्रात्यक्षिकात दोघींनी चादर धरून आडोसा करायचा आणि तिसरीने पाणी टाकायचे, हेही आम्ही करून घेतो. पुरुषांनी तेवढ्यात 108 ला फोन लावायचा. ही रुग्णवाहिका मोफत आहे.

जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, विजेचा धक्का असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर दवाखाना गाठायचाच. भाजलेल्या रुग्णाची नोंद दवाखान्यातून पोलिसांकडे जाते. ती नेहमीची रीत आहे, त्या भीतीने कोणाला घरी ठेवू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनचे तिथेच विचारा.