आधी शिक्षक, मग शाळा

कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. खेडोपाडी शाळा काढावयाच्या, तर तेथे राहून शिकविणारा शिक्षक आधी घडविला पाहिजे. म्हणूनच १९३५ साली साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी ‘सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज’ सुरू झाले. पुढे १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. वाढत्या माध्यमिक शाळांना प्रशिक्षित पदवीधर हवे होते. त्यासाठी १९५५ साली आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन निघाले. वसतिगृहात राहून, ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने, खेड्यातील निर्धन मुलगा एकाच संस्थेच्या छायेत बी.एड.पर्यंत पोहोचू शकला.

२०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आहे. पाठ-टाचणे, सराव पाठ आणि प्रत्यक्ष शाळेतील उमेदवारी यांस अधिक अवधी मिळाला. गरीब घरावरचा भारही तितकाच वाढला. विद्यादान करू इच्छिणाऱ्या समाजबांधवांनी शाळेच्या इमारतीबरोबरच या भावी शिक्षकांच्या शिक्षणाचाही विचार करावा, ही नम्र विनंती.