युनियन फायर कंपनी : फिलाडेल्फियातील पहिले स्वयंसेवी अग्निशमन दल

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ७ डिसेंबर १७३६ रोजी स्थापन झालेली ‘युनियन फायर कंपनी’ ही त्या नगरातील पहिली स्वयंसेवी अग्निशमन संस्था होय. मुद्रक व वृत्तपत्रकार बेंजामिन फ्रँकलिन हे तिचे प्रवर्तक होते. त्या वेळी त्यांचे वय ३० वर्षे होते आणि फिलाडेल्फिया हे ब्रिटिश वसाहतीतील काही हजार वस्तीचे लहानसे बंदर होते. येथे ‘कंपनी’ हा शब्द व्यापारी संस्थेचा वाचक नसून एकत्र आलेली मंडळी एवढाच त्याचा अर्थ आहे.

पार्श्वभूमी

१६६६ मध्ये लंडन शहर आगीत बेचिराख झाले. ती आठवण ताजी असल्यामुळे विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये फिलाडेल्फियाची आखणी करताना रुंद रस्ते आणि सभोवती मोकळी जागा असलेली घरे यांवर भर दिला. परंतु व्यापार वाढला तशी नदीकाठची वस्ती दाट होत गेली. १६९६ च्या कायद्याने धुराडी साफ ठेवणे आणि प्रत्येक घरी चामड्याच्या दोन बादल्या बाळगणे बंधनकारक झाले. १७१८ मध्ये नगराने हाताने चालवायचा एक बंब विकत घेतला. मात्र आग लागल्यावर कोणी काय करायचे, हे ठरलेले नव्हते.

१७३० मध्ये डेलावेअर नदीवरील फिशबर्न धक्क्याजवळ मोठी आग लागली आणि तिने वखारी व घरे गिळंकृत केली. वारा फारसा नव्हता. चांगले बंब व साधने असती तर आग सहज आटोक्यात आली असती, असे फ्रँकलिन यांच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ने नमूद केले. त्यानंतर नगराने आणखी साधने मिळवली. पण ती वापरणारी संघटित माणसे अद्याप नव्हती.

फेब्रुवारी १७३५ मध्ये याच पत्रात फ्रँकलिन यांनी एका वृद्ध नागरिकाच्या भूमिकेतून पत्र लिहिले. फावड्यातून उघडे निखारे एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणे किती घातक असते, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. आगीपासून बचावाचा थोडासा उपाय नंतरच्या मोठ्या उपचारापेक्षा मोलाचा, या आशयाची त्यांची प्रसिद्ध उक्ती याच पत्रातील आहे. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाने द्यावेत, अशीही सूचना त्यांनी केली. बोस्टनमध्ये प्रत्येक बंबाशी माणसांचे संघटित पथक जोडलेले असते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

कराराचे स्वरूप

युनियन फायर कंपनीचा पाया म्हणजे सभासदांनी स्वाक्षरी केलेला लेखी करार. प्रत्येकाने ठरलेल्या संख्येने चामड्याच्या बादल्या, मजबूत पिशव्या व टोपल्या स्वखर्चाने सज्ज ठेवायच्या आणि आग लागताच घेऊन धावत यायचे, असा नियम होता. बादल्या पाण्यासाठी, तर पिशव्या व टोपल्या घरातील चीजवस्तू बाहेर काढण्यासाठी होत्या. आगीच्या गोंधळात चोऱ्या होत असल्यामुळे काही सभासदांनी दारात पहारा द्यायचा, अशीही तरतूद होती. सभासद मृत्यू पावल्यास त्याच्या विधवेला, पती हयात असल्याप्रमाणेच, संकटकाळी मदत करण्याचे बंधन इतरांवर होते.

महिन्यातून एकदा सभा भरे आणि आगीसंबंधी सुचलेल्या कल्पनांची देवाणघेवाण होई. गैरहजर राहणाऱ्यास दंड भरावा लागे. या लहान लहान दंडांच्या रकमेतूनच पुढे बंब, शिड्या आणि लोखंडी आकडे घेण्यात आले. काम विनावेतन असले तरी ते ऐच्छिक लहरीवर सोडलेले नव्हते, हे या संस्थेचे खरे वैशिष्ट्य होय.

प्रसार

फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रानुसार सभासदसंख्या ३० होती. आणखी लोक येऊ लागले, तेव्हा त्यांना स्वतंत्र कंपनी काढण्याचा सल्ला देण्यात आला. परिणामी एकामागून एक कंपन्या निघाल्या. ‘फेलोशिप फायर कंपनी’ १७३८ मध्ये सुरू झाली. याच वर्तुळातून १७५२ मध्ये ‘फिलाडेल्फिया काँट्रिब्युशनशिप’ ही परस्पर आगविमा संस्था उभी राहिली. त्याच वर्षी शेजारच्या न्यू जर्सीतील माउंट हॉली या लहान गावातही स्वयंसेवी दल स्थापन झाले. ‘रिलीफ फायर कंपनी’ या नावाने ते आजही ओळखले जाते.

आत्मचरित्राचा हा भाग फ्रँकलिन यांनी १७८८ मध्ये लिहिला. कंपन्या निघाल्यापासून नगरात एका वेळी एकदोन घरांहून अधिक नुकसान झाले नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. आपण आणि आपल्याहून वर्षाने मोठे असलेले एक गृहस्थ, एवढेच मूळ सभासद आता हयात आहेत, अशीही नोंद त्यांनी केली.

मर्यादा आणि अखेर

१८०१ मध्ये नगराला नळाचे पाणी मिळाले आणि १८०३ मध्ये खास होजनळी वाहणारी पहिली कंपनी निघाली. बादल्यांच्या रांगांचे महत्त्व हळूहळू ओसरले. दुसरीकडे, आपसांतील बांधिलकीवर उभी असलेली ही पद्धत बाहेरच्यांना दूर ठेवणारीही ठरली. १८१८ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी ‘आफ्रिकन फायर असोसिएशन’ स्थापन करण्याचा प्रयत्न केला. श्वेतवर्णीय कंपन्यांच्या विरोधामुळे तो सोडून द्यावा लागला. पुढे कंपन्यांमधील चुरस विकोपाला जाऊन रस्त्यांवर मारामाऱ्या होऊ लागल्या. वाफेचे बंब आल्यावर मनुष्यबळाची गरजही कमी झाली. अखेर १५ मार्च १८७१ पासून फिलाडेल्फियात पगारी अग्निशमन दल काम करू लागले.

मोठ्या शहरांत ही पद्धत मागे पडली, तरी लहान गावांत ती टिकून राहिली. आजही अमेरिकेतील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत.