महानायकी ऑनलाइन खेळांतील पात्रवर्ग

अनेकांनी मिळून खेळायच्या महानायकी खेळांत शक्तींच्या स्वरूपानुसार पाडलेले पात्रांचे प्रकार. ‘सिटी ऑफ हीरोज’ (२००४) या अमेरिकी खेळात आरंभी नायकांचे पाच वर्ग होते : मार अंगावर घेणारा टँकर, जवळून लढणारा स्क्रॅपर, दुरून मारा करणारा ब्लास्टर, शत्रूला जखडणारा कंट्रोलर आणि साथीदारांना बळ देणारा डिफेंडर.

वर्गामुळे खेळाडू एकाच कामाला जुंपला जातो, असा आक्षेप घेतला जातो. कबड्डीतील चढाईपटू व कोपरारक्षक यांच्यासारखी कामाची वाटणी येथे आहे खरी. पण ती सक्तीची नाही. आठ जणांचा चमू निव्वळ डिफेंडरांचा असला, तरी तो दुबळा ठरत नसे. एकाच्या साहाय्यात दुसऱ्याच्या साहाय्याची भर पडे आणि शत्रूची ताकद खचत जाई. त्यामुळे वर्गाकडे लढ्यावर प्रभाव टाकण्याची एक रीत म्हणून पाहणे अधिक योग्य. तीच मोहीम ब्लास्टर म्हणून खेळताना अंतर राखावे लागते, टँकर म्हणून गर्दीत शिरावे लागते. वर्ग बदलून खेळणाऱ्याला साथीदाराची अडचण त्यातूनच उमगते. ‘मार्व्हल रायव्हल्स’मध्ये (२०२४) वर्ग तीनच असून सामन्यादरम्यानही पात्र बदलता येते. त्याने लवचीकता वाढते. मात्र स्वतः निर्मिलेला नायक दीर्घकाळ घडवत नेण्याचे समाधान, जे जुन्या खेळाचे खरे वैभव होते, तेथे मिळत नाही.